खालचा सूर

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या किंग स्ट्रीटवर एका सीडीच्या दुकानात मी खरं म्हणजे बीच बॉईजचं, म्हणजे साठच्या दशकातल्या माझ्या लाडक्या बँडचं, काहीतरी घ्यायला शिरलो होतो. २००८ चा जुलै. चार तारीख, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, शुक्रवारी आली होती, तीन दिवस मोकळे, म्हणून आम्ही चौघं शार्लटहून भाड्याची गाडी घेऊन निघालो, कोलंबियापर्यंत एक हायवे आणि तिथून थेट समुद्रापर्यंत दुसरा, साडेतीन तासांचा रस्ता पण आम्ही थांबत थांबत पाच लावले. चौघंही ऑनसाइट, म्हणजे कंपनीने कामासाठी तिकडे पाठवलेले, एकाच क्लायंटकडे, एकाच अपार्टमेंटमध्ये राहणारे. दोघं पुण्याचे, एक साताऱ्याचा, एक म्हापशाचा. काउंटरवरच्या पोराने माझ्या हातातली सीडी बघितली आणि म्हणाला हे आवडत असेल तर हेही ऐक, आमच्याच गावची पोरं आहेत, पहिलाच अल्बम, नुकताच आलाय. 'फ्रीडम विंड' असं अल्बमचं नाव, एक्सप्लोरर्स क्लब असं बँडचं. आपल्या गावच्या पोरांबद्दल सांगताना माणसाचा आवाज जसा होतो तसा त्याचा झाला होता, म्हणून मी घेतला.

फॉली बीचच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, बाकीचे तिघं पाण्याकडे पळाले, मी एसी चालू ठेवून बसलो आणि सीडी सरकवली.

मला वाटलं आत चुकून दुसरीच सीडी घातलीय. आवाजांची ती रचना मला पाठ होती, खाली एक भरदार आवाज, मध्ये दोन-तीन आवाज एकमेकांना चिकटून, आणि सगळ्यात वर तो पातळ, आत्ता तुटेल असा वाटणारा पुरुषाचा चढा आवाज ज्याला ते लोक फॉल्सेटो म्हणतात. मागे खंजिरी, छोट्या घंटांची किणकिण, ऑर्गन, आणि सगळ्यावर ते घुमणं, जणू मोठ्या टाइल्स लावलेल्या न्हाणीघरात अख्खा वाद्यवृंद बसवलाय. थोडं पुढे तो ड्रमचा ठेकाही आला, धम्, धमधम्, ठाक, जो १९६३ मध्ये हॅल ब्लेन या ड्रमरने रॉनेट्स नावाच्या गायिकांच्या 'बी माय बेबी'साठी वाजवला आणि नंतर जगात किती जणांनी उचलला त्याची मोजदाद नाही. मी सीडी बाहेर काढून बघितली. बरोबर होती, वर्ष २००८ होतं. ही चार्ल्सटनची पोरं होती आणि ती १९६५-६६ ची बीच बॉईज होऊन गात होती.

आणि मला राग आला. खरंच आला, फसवलं गेल्यासारखा. दोन गाणी ऐकली आणि बंद केलं.

रागाचं कारण सांगायचं तर बीच बॉईज म्हणजे मला काय, ते आधी सांगायला लागेल. हॉस्टेलला असताना फुटपाथवरून घेतलेल्या सेकंडहँड कॅसेटवर मी ते पहिल्यांदा ऐकले. हिंदी-मराठी गाण्यांवर वाढलेला कान, पाश्चात्य म्हणजे फक्त गिटार आणि आरडाओरडा अशी समजूत, आणि त्यात एकदम पाच माणसं पाच वेगळे सूर एकत्र लावतात आणि त्यातून एक सहावंच काहीतरी तयार होतं, हे मी त्याआधी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न नावाच्या साध्या गावातली ही पोरं. ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन हे तीन सख्खे भाऊ, माइक लव्ह हा त्यांचा आतेभाऊ आणि अल जार्डीन हा मित्र. १९६१ मध्ये सुरुवात केली तेव्हा कार्ल चौदा वर्षांचा होता. समुद्राची, लाटांची, गाड्यांची गाणी, पण त्यांच्यात खरा सर्फिंग करणारा एकटा डेनिसच. आणि ब्रायन, जो हे सगळं रचायचा, त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. ज्याला स्टिरिओ म्हणजे काय ते कधी कळलं नाही त्या माणसाने आवाजांची इतकी खोल जागा उभी केली, हे वाचलं तेव्हा मी कॅसेट परत पहिल्यापासून लावली होती.

डिसेंबर १९६४ मध्ये ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात तो कोसळला, म्हणजे मनाने, रडायलाच लागला, आणि त्यानंतर त्याने बँडबरोबर दौरे करणं सोडलं. बाकीचे गावोगाव गात फिरायचे आणि हा लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत बसून. हॅल ब्लेन, बेस वाजवणाऱ्या कॅरल के, असे तिथले पट्टीचे स्टुडिओ वादक एका खोलीत बसवायचे, त्यांचं सगळं वाजवणं एका ट्रॅकवर उतरवून घ्यायचं आणि उरलेल्या ट्रॅकवर आवाजांचे थर चढवायचे, कधी कधी एकाच माणसाने स्वतःच्याच आवाजावर परत तोच सूर गायचा म्हणजे तो जाड आणि मऊ होतो. १६ मे १९६६ ला 'पेट साउंड्स' हा अल्बम आला तेव्हा ब्रायन तेवीस वर्षांचा होता. त्यातल्या 'गॉड ओन्ली नोज'च्या शेवटी आवाज एकामागोमाग एक एकमेकांत शिरत गोल गोल फिरत राहतात, त्या तीन आवाजांपैकी दोन एकट्या ब्रायनचे आहेत. हे मला माहीत असून आजही ऐकताना तीन वेगळी माणसंच दिसतात.

तर माझ्यासाठी हे सगळं एकदाच घडलेलं होतं. त्या माणसांच्या आयुष्यातून, त्या खोल्यांतून, त्या एका कानातून आलेलं. आणि ही पोरं चाळीस-बेचाळीस वर्षांनी येतात आणि तोच अंगरखा घालून उभी राहतात?

त्यात ती राहतात कुठे, तर अटलांटिकच्या काठावर. कॅरोलायनाच्या किनाऱ्याचं स्वतःचं 'बीच म्युझिक' आहे, ते वेगळंच, काळ्या गायकांच्या जुन्या रिदम अँड ब्लूजवर उभं असलेलं, त्यावर शॅग नावाचा जोडीने करायचा नाच करतात, साउथ कॅरोलायनाने १९८४ मध्ये तो राज्याचा अधिकृत नाच करून टाकला. म्हणजे दारात स्वतःचा समुद्र, स्वतःचं गाणं, आणि ही पोरं अडीच हजार मैलांवरच्या दुसऱ्या समुद्राचं गाणं गातायत. तेव्हा मला ते अगदीच बिनमुळाचं वाटलं. त्याच उन्हाळ्यात सिएटलच्या फ्लीट फॉक्सेसचाही पहिला अल्बम आला होता, त्यातही आवाजांच्या राशीच्या राशी, पण त्यांनी जुन्यातून घेऊन आपलं काहीतरी वेगळं शिजवलं होतं, आणि जो तो त्यांच्याबद्दलच बोलत होता. एक्सप्लोरर्स क्लबबद्दल जे काही वाचनात आलं त्यात कौतुकाच्या मागोमाग हाच प्रश्न, की बाबांनो छान आहे, पण हे तर आधी झालंय.

परत येताना म्हापशाच्या मित्राने गाडीत ती सीडी लावली. मी म्हटलं काढ रे, नक्कल आहे. तो काही बोलला नाही. गाडी चालवता चालवता तो सरळ खालचा सूर गायला लागला. शब्द नाही, नुसतं ओ ओ, मुख्य चालीला अजिबात न शिवता, एखादा माणूस जिन्याच्या कठड्याला हात लावून चालतो तसा. मागे बसलेले दोघं झोपलेले. मी बघत राहिलो. मूळ गाणारा वर कुठे कुठे जात होता आणि हा आपला खाली, शांत. म्हटलं हे गाणं तुला कुठून येतं, तर म्हणाला येत नाही, आत्ताच ऐकतोय, पण खालचा सूर कुठे जाणार ते कळतं ना.

मला नव्हतं कळत. तेव्हापासून माझं खरं ऐकणं सुरू झालं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला गणपती होते. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही चौघांनी काहीतरी म्हणायचं ठरवलं आणि माझ्याच डोक्यात आलं की आरतीतलं 'जय देव जय देव' तीन आवाजांत म्हणू. ऑगस्टभर रात्री जेवण झाल्यावर किचनमध्ये प्रॅक्टिस. कल्पना सोपी होती, एकाने नेहमीची चाल धरायची, एकाने तिच्या वर गंधाराच्या अंतराने जायचं, एकाने खाली. आणि काय व्हायचं तर पहिली ओळ कशीबशी निभायची आणि दुसऱ्या ओळीला सगळे नेहमीच्या चालीवर. प्रत्येक वेळी. पाण्याचा उतार असावा तसे आम्ही घरंगळत मूळ चालीत येऊन पडायचो आणि लक्षातही यायचं नाही कधी पडलो ते. साताऱ्याचा मित्र भजनी मंडळात वाढलेला, पट्टी पक्की, टाळ पक्का, पण तोही पडायचा, कारण आपला कान लहानपणापासून चालीच्या मागे जायला शिकलाय. एकटं गाणं, त्यातले बारकावे, हरकती, मींड, हे आपल्याला कळतं, पण शेजारचा माणूस दुसराच सूर लावतोय आणि आपण आपल्या सुरावर उभं राहायचं, ही गोष्ट आपल्या गळ्याला कुणी शिकवलेलीच नाही.

म्हापशाचा मात्र हलायचा नाही. त्याच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, कॉयरमध्ये तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून गात होता. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन, व्हायोलिन आणि कॉयर शिकवत आले, आणि तिथलीच माणसं पुढे मुंबईत फिल्मच्या ऑर्केस्ट्रात बसली, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस काय, सबॅस्टियन डिसूझा काय, म्हणून आपल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या मागे व्हायोलिनं एकमेकांना धरून वेगवेगळ्या सुरांत चालताना ऐकू येतात. आणि घरगुती गाण्यातही, मांडो हे गोव्याचं कोंकणी गाणं गाताना दोन आवाज सवयीनेच दोन सुरांत जातात, कुणी सांगावं लागत नाही. त्याची आजी आणि आजीची बहीण स्वयंपाक करताना असं गायच्या म्हणे. एक वर, एक खाली, मध्ये कुणाला हाक मारायची असली तर थांबायचं आणि परत तिथूनच उचलायचं.

त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की तू चाल ऐकूच नकोस, तू माझ्याकडे बघून आपला 'आ' माझ्या तोंडाच्या आकाराचा कर. आकार एक नसला तर सूर बरोबर असूनही आवाज मिसळत नाहीत. दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही, करून दाखवली. तो सा लावून उभा राहिला, साताऱ्याच्याने पंचम लावला आणि मला म्हणाला आता तू काही लावू नकोस, फक्त ऐक.

मी ऐकलं. आणि मला माझ्या बहिणीच्या गाण्याच्या क्लासमधली दुपार आठवली. बाई तानपुरा लावायच्या, जोडाच्या तारा, खर्ज, पंचम, जव्हारीवर तारेखालचा तो दोरा इतका हळू सरकवायच्या, आणि एका क्षणी म्हणायच्या, आला बघा. काय आला? गंधार. कुठल्याच तारेवर नसलेला गंधार, खर्जाच्या तारेच्या पोटातून आपोआप वर येणारा, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. सा, ग, प. म्हणजे पाश्चात्य लोक ज्याला मेजर कॉर्ड म्हणतात तो आपल्या तानपुऱ्यात कधीचा वाजतोय, फक्त आपण त्याच्यावर पाय ठेवून दुसरीकडे चालायला लागतो आणि ते लोक तिथेच थांबून त्यात खोल्या बांधतात. मला किचनमध्ये ओट्याला टेकून हे कळलं. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.

मग मी गंधार लावला. लावला म्हणजे तो तिथे होताच, मी त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिघांचे आवाज जुळले तेव्हा किचनमधलं एक भांडं बारीक वाजायला लागलं.

कार्यक्रमात आम्ही कसं म्हटलं ते सोडून देतो, बऱ्यापैकी झालं, काकू लोकांना आवडलं. पण त्यानंतर मी 'फ्रीडम विंड' परत काढला आणि आता मला ती नक्कल ऐकू येईना. मला ते काम ऐकू यायला लागलं. आम्हाला एक ओळ तीन आवाजांत म्हणायला महिना लागला, आणि ह्या पोरांनी अख्खा अल्बम, प्रत्येक गाण्यात पाच-सहा आवाज, प्रत्येकाचा आकार एक, कुठला आवाज कधी सोडायचा, कुठे नुसती 'ऊ' धरायची आणि कुठे शब्द घ्यायचे, हे सगळं कानाने ऐकून वेगळं केलंय, परत जोडलंय, आणि त्यावर स्वतःच्या चाली बसवल्यात. चाली स्वतःच्या आहेत हे मी रागात विसरलोच होतो. जुनी गाणी त्यांनी परत म्हटली नव्हती, जुन्या व्याकरणात नवी वाक्यं केली होती. जेसन ब्रूअर हा त्यांचा मुख्य माणूस, गाणी रचणारा. ब्रायन विल्सनच्या बाकीच्या जगाचं माहीत नाही पण त्याच्या स्टुडिओच्या खोलीत हा माणूस मनाने किती वर्षं राहिला असेल.

आणि मग मी ब्रायनच्या पोरवयाबद्दल वाचायला लागलो, आणि जे मिळालं त्याने माझा उरलासुरला रागही गेला. ब्रायनला सोळाव्या वाढदिवसाला, १९५८ मध्ये, वोलेनसॅक नावाचं टेप रेकॉर्डर मिळालं होतं. तो तेव्हा फोर फ्रेशमेन नावाच्या जॅझवाल्या चौकडीचा वेडा होता. त्यांची रेकॉर्ड लावायची, थोडं ऐकायचं, थांबवायची, पियानोवर एकेक आवाज शोधायचा, मग तो धाकट्या भावांना शिकवायचा, आईलाही उभं करायचं, आणि टेपवर चढवायचं. तासन्‌तास. म्हणजे ज्याची नक्कल केली म्हणून मी चार्ल्सटनच्या पोरांवर चिडलो होतो, तो स्वतः खोलीत बसून हेच करत होता. 'बी माय बेबी' त्याने गाडीच्या रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबवायला लागली, इतकं ते अंगावर आलं, आणि त्याचंच उत्तर म्हणून १९६४ चं 'डोन्ट वरी बेबी'. 'सर्फिन यूएसए' तर सरळ चक बेरीच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची चाल, पुढे गीतकार म्हणून बेरींचं नाव घालायला लागलं, आणि ते घालायलाच हवं होतं, घेतलं तर नाव सांगायला हवं याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण शिकण्यासाठी घेणं आणि दडवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चार्ल्सटनच्या पोरांनी तर काहीच दडवलं नव्हतं, पहिल्या सुरापासून ती सांगतच होती की आम्ही कुणाचे.

माझे आजोबा बालगंधर्वांचे. म्हणजे त्यांनी पोरवयात नारायणरावांना स्टेजवर बघितलं होतं आणि त्यानंतर त्यांच्या दृष्टीने जगात गाणं झालंच नाही. आमच्याकडे कुमार गंधर्वांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व'चं रेकॉर्डिंग आलं तेव्हा आजोबा ते कसं ऐकतील याची घरात सगळ्यांना धास्ती. कुमारजी म्हणजे बेळगाव भागातला तो मुलगा जो लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, लोक तोंडात बोट घालायचे, मग मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकला, मोठ्या आजारातून उठला आणि कुणासारखाच गाईनासा झाला, फक्त स्वतःसारखा. आणि त्याने परत मागे वळून बालगंधर्वांची पदं गायली. आजोबांनी डोळे मिटून पहिली बाजू ऐकली आणि एवढंच म्हणाले, हा त्यांच्यासारखं गात नाहीये, त्यांच्याकडे बघत गातोय. मग दुसरी बाजू लावायला सांगितली.

'उमजलेले' या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. शार्लटच्या अपार्टमेंटमध्ये ते नाव आठवलं आणि मी त्या शब्दावरच थांबलो. बालगंधर्व नाही, मला उमजलेले बालगंधर्व. 'फ्रीडम विंड' कुमारजींच्या उंचीवर नेऊन ठेवायचा माझा अजिबात विचार नाही, ती पोरं तेव्हा तबकडी ऐकून जसंच्या तसं गाणाऱ्या मुलाच्या जास्त जवळ होती. पण तो मुलगाही तिथून जाऊनच पुढे गेला ना. आपल्याकडे शागीर्द पहिली काही वर्षं गुरूचाच आवाज काढतो, गुरूची खोकण्याची लकबसुद्धा उचलतो, आणि कुणी त्याला चोर म्हणत नाही, म्हणतात अजून तालमीत आहे. तालीम समोर बसून घ्यायची का रेकॉर्डवरून, एवढाच फरक.

अल्बममध्ये काय कमी आहे तेही सांगतो, कारण प्रेम आहे म्हणून कान झाकून घेता येत नाहीत. 'पेट साउंड्स'च्या गोडव्याखाली एक भीती आहे. आपण या जगासाठी बनलेलो नाही, मोठं झाल्यावर सगळं हातातून जाणार, ही पोरगी उद्या नसेल, असं काहीतरी त्या सुंदर आवाजांच्या मागे सतत थरथरत असतं, टोनी आशर या गीतकाराबरोबर बसून ब्रायनने ते शब्दांतही आणलं. बेसचे सूरही असे ठेवलेत की पायाखालची फरशी जरा हलतेच. 'फ्रीडम विंड'मध्ये आवाज तेच आहेत पण ती भीती नाही. त्यातलं प्रेम उन्हातलं आहे, शब्द साधे, कधी कधी फारच साधे, मुलगी आहे, उन्हाळा आहे, तू माझ्यावर प्रेम करतेस का, जाऊ नकोस. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत गोड गोड होतं. पण संथ गाण्यांत, जिथे वाद्यं मागे सरतात आणि नुसते आवाज उरतात, तिथे ती पोरं स्वतःला विसरतात असं मला वाटतं. तिथे मला ब्रायन ऐकू येत नाही, खोलीत एका माइकभोवती उभे राहून एकमेकांच्या तोंडाकडे बघणारे मित्र ऐकू येतात. आमच्या किचनसारखे.

सप्टेंबरच्या मध्याला बाजार कोसळला. शार्लट बँकांचं शहर, लिफ्टमध्ये लोक बोलायचे बंद झाले. ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्या प्रोजेक्टचं पुढचं काम थांबलं आणि चौघांपैकी तिघांची परतीची तिकिटं निघाली. शेवटचे पाच-सहा आठवडे आम्हाला फारसं काही काम नव्हतं आणि प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही गाडीत तो अल्बम लावून खालचे-वरचे सूर वाटून घ्यायचो. शिकायला तो 'पेट साउंड्स'पेक्षा बरा, जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये आवाज एकमेकांत असे विरघळलेत की सुटे काढताना माझा कान दमायचा, इथे ते जरा सुटे ऐकू येतात. नोकरीचं काय होणार माहीत नव्हतं, साताऱ्याच्या मित्राचं घराचं कर्ज नुकतंच सुरू झालं होतं, आणि आम्ही रिकाम्या हायवेवर काचा बंद करून ऊ ऊ म्हणत चाललोय. त्या दिवसांत शीर्षकगीताचा मधला सूर मला पक्का झाला. खालचा कधीच नाही झाला, खालचा म्हापशाच्याचाच.

एक्सप्लोरर्स क्लब पुढे गेला. २०१२ च्या 'ग्रँड होटेल'मध्ये त्यांनी किनारा सोडून बर्ट बॅकरॅक या संगीतकाराच्या वळणाचं सुटाबुटातलं पॉप केलं, आणि त्याचं मिक्सिंग मार्क लिनेटने केलं, तोच लिनेट ज्याने बीच बॉईजच्या जुन्या टेप नव्याने बाहेर आणायचं केवढं तरी काम केलंय. मला हे कळलं तेव्हा कुणाच्या घरच्या पोराला मोठ्या गवयाने साथीला बसवल्यासारखा आनंद झाला. २०१६ ला 'टुगेदर', २०२० ला एकदम दोन अल्बम, त्यातला एक साठच्या दशकातल्या दुसऱ्यांच्या गाण्यांचाच. तोपर्यंत ब्रूअर नॅशव्हिलचा झाला होता. सगळे अल्बम ऐकले, चांगले आहेत, पहिल्याइतका माझा एकही नाही.

११ जून २०२५ ला ब्रायन विल्सन गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते. मला सकाळी फोन बघताना कळलं, पुण्यात रात्रभर पाऊस झाला होता, लाइट गेलेले. दिवसभर माझ्या डोक्यात 'पेट साउंड्स' वाजेल असं मला वाटलं होतं पण वाजत होतं 'फ्रीडम विंड'चं शीर्षकगीत, आणि त्यातही वरचा आवाज नाही, खालचा. संध्याकाळी म्हापशाच्याला फोन केला. तो आता पर्वरीला असतो, दोन मुली आहेत, थोरली कॉयरमध्ये आहे. म्हणाला मला माहितीय तू कशासाठी केलायस.

आम्ही फोनवर गायचा प्रयत्न केला. होत नाही. फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, मी त्याच्यासाठी थांबतो, तो माझ्यासाठी थांबतो, आणि दोघं मिळून गाणं ओढत ओढत थांबवूनच टाकतो. व्हिडिओ कॉलवर तर त्याहून वाईट. शेवटी तो म्हणाला थांब, ठेव फोन. दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची व्हॉइस नोट आली, एक मिनिट बावन्न सेकंदांची. नुसता खालचा सूर. मागे त्याच्या घरातला पंखा आणि एकदा कुकरची शिट्टी.

मी बायकोचा फोन मागून घेतला, त्याची नोट त्यावर फॉरवर्ड केली, तो फोन टेबलावर बशीत उभा केला, माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि मधला सूर धरला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात चालीकडे घसरलो. त्याचा 'आ' ऐकून माझा 'आ' सारखा केला आणि परत पहिल्यापासून लावलं.